रोज ऐकण्यासाठी नवा स्वतंत्र पॉडकास्ट मिळत नाही: कारणे आणि उपाय

तक्रार जवळपास सारख्याच शब्दांत कानावर येते. ॲप उघडले की तीच ती दहा-बारा चित्रे समोर येतात. त्यांतली निम्मी ऐकून झालेली असतात आणि उरलेली ऐकायची नसतात. कोणी एखादे नाव सुचवले की चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. सकाळी कोल्हापूरच्या रंकाळ्याभोवती फेरी मारणारे, केएमटीने किंवा कंपनीच्या बसने गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींकडे जाणारे, हुपरीत चांदीकामाला बसणारे कारागीर, अशा अनेकांकडे ऐकण्यासाठी दिवसातला अर्धा-पाऊण तास हमखास असतो. मात्र त्या वेळेत ऐकण्याजोगे, एखाद्या मोठ्या कंपनीने नव्हे तर एक-दोन माणसांनी स्वतःच्या ध्यासातून केलेले असे काही रोज हाती लागत नाही. मी स्वतः बसमधल्या याच वेळेत ऐकते, आणि माझ्या ओळखीच्या श्रोत्यांना ज्या उपायांनी खरोखर फरक पडला तेच येथे लिहीत आहे. नुसते नवे ॲप टाकणे हा त्यांपैकी उपाय नाही, कारण बिघाड बहुतेक वेळा ॲपमध्ये नसून आपण शोध कोठे आणि केव्हा घेतो यात असतो.

आधी बिघाड कोणता ते ठरवावे

या एकाच तक्रारीत तीन निरनिराळे बिघाड मिसळलेले असतात आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. पहिला म्हणजे नवे काही समोरच येत नाही. दुसरा म्हणजे नवे मिळते, पण पाच-दहा मिनिटांत ते बंद करून आपण जुन्याकडे परततो. तिसरा म्हणजे रात्री निवडून ठेवलेले सकाळी फोनमध्ये नसते. कोणता बिघाड आपला आहे हे ओळखण्यासाठी नंतर ऐकायचे म्हणून बाजूला ठेवलेल्या भागांची यादी उघडून पाहावी. ती रिकामी असेल तर पहिला बिघाड समजावा. ती ओसंडून वाहत असूनही ऐकायला काही नाही असे वाटत असेल तर दुसरा. नावे दिसतात पण भाग वाजत नाहीत असे असेल तर तिसरा. बहुतेकांची यादी रिकामी निघते, म्हणून पहिल्या बिघाडाला येथे जास्त जागा दिली आहे.

ॲपचे पहिले पान नेमके काय दाखवते

पॉडकास्ट म्हणजे मुळात एक आरएसएस फीड, म्हणजे नव्या भागांची माहिती ॲपपर्यंत पोहोचवणारी इंटरनेटवरची यादी, आणि तिला जोडलेल्या ध्वनिफिती. अशी फीत फीडला जोडण्याची सोय डेव्ह वायनर यांनी डिसेंबर २००० मध्ये आरएसएसच्या ०.९२ या आवृत्तीत केली आणि जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टना स्थान दिले. या रचनेत कार्यक्रम प्रसिद्ध करण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. राजारामपुरीतल्या एखाद्या खोलीत बसून केलेला कार्यक्रम आणि मोठ्या वृत्तसंस्थेचा कार्यक्रम तांत्रिकदृष्ट्या एकाच दर्जाचे असतात. ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र याचाच दुसरा परिणाम असा की सर्व कार्यक्रम एका ठिकाणी, समान न्यायाने मांडणारे कोणी नसते. ॲप त्यांतले काही थोडे निवडून पहिल्या पानावर ठेवते.

ही निवड प्रामुख्याने मोजणीवर चालते. ॲपलने आपल्या क्रमवारीबद्दल जे सांगितले आहे त्यानुसार नव्याने किती जणांनी कार्यक्रम फॉलो केला, किती जणांनी ऐकला आणि किती जणांनी भाग शेवटपर्यंत ऐकले या गोष्टी तिथे धरल्या जातात. ज्याच्या मागे जाहिरात आहे, ज्याचा निवेदक आधीच प्रसिद्ध आहे, त्याच्याकडे थोड्या दिवसांत पुष्कळ श्रोते एकदम येतात आणि तो वर चढतो. एकट्याने कार्यक्रम करणाऱ्याकडे श्रोते हळूहळू, एकाच्या सांगण्यावरून दुसरा असे येतात आणि क्रमवारीला ही संथ वाढ दिसत नाही. ‘तुम्हाला हेही आवडेल’ या यादीचीही हीच गत आहे, कारण एका कार्यक्रमाचे श्रोते आणखी काय ऐकतात यावर ती यादी उभी राहते. ज्याचे श्रोतेच मोजके, त्याची कोणाशी जोडी जमत नाही. मराठीत श्रोत्यांचा साठा इंग्रजीच्या मानाने लहान असल्यामुळे ही अडचण आपल्याला अधिक जाणवते.

गूगल पॉडकास्ट्स हे ॲप २०२४ मध्ये बंद झाले तेव्हा अँड्रॉइड वापरणाऱ्यांपैकी अनेक जण व्हिडिओकडे किंवा गाण्यांच्या ॲपकडे वळले. तिथे पॉडकास्टला गाणी आणि व्हिडिओ यांच्याबरोबर जागेसाठी झगडावे लागते, आणि लहान कार्यक्रम त्या गर्दीत आणखी मागे पडतो. ज्यांची तक्रार साधारण तेव्हापासूनची आहे त्यांनी निदान शोधासाठी तरी फक्त पॉडकास्टसाठी असलेले एखादे ॲप ठेवावे. अँड्रॉइडवर अँटेनापॉड हे मुक्तस्रोत ॲप विनामूल्य आणि जाहिरातींशिवाय चालते. आयफोनवर ओव्हरकास्ट आहे. पॉकेट कास्ट्स दोन्हींकडे चालते.

यावर एक झटपट होणारा, पण मर्यादित उपयोगाचा उपाय आहे. अँटेनापॉडमध्ये सुचवलेल्या कार्यक्रमांच्या पानावर देश बदलता येतो आणि पॉकेट कास्ट्सच्या शोधपानावरही प्रदेश निवडता येतो. भारताऐवजी आयर्लंड किंवा न्यूझीलंड निवडले की संपूर्ण यादी पालटते आणि त्यात आपल्याला कधी न दिसलेली नावे येतात. इंग्रजी ऐकणाऱ्याचा यामुळे आठवडाभराचा प्रश्न सुटतो. पण ती यादीही शेवटी मोजणीचीच असल्यामुळे तिच्यावर कायम विसंबून राहता येत नाही.

ऐकण्याच्या वेळी शोधू नये

माझ्या मते मूळ दोष येथे आहे. आपण बसमध्ये बसतो, कानात इअरफोन घालतो आणि मग आज काय ऐकावे याचा शोध सुरू करतो. त्या वेळी हाताशी दोन मिनिटे असतात, गर्दी असते, आणि जे पहिल्या पानावर असेल तेच निवडले जाते. रोज नवे ऐकायचे असेल तर शोधाचे काम आठवड्यातून एकदा, घरी, शक्य असल्यास संगणकासमोर बसून करावे आणि रोजच्या वेळेत फक्त त्या साठ्यातून उचलावे. ज्यांनी एवढा एकच बदल केला त्यांचीही तक्रार बरीच कमी झालेली मी पाहिली आहे.

शोधायला बसल्यावर पहिले पान उघडूच नये, शोधपट्टी उघडावी. आणि तिथे कार्यक्रमाचा नव्हे, भागाचा शोध घ्यावा. हा फरक महत्त्वाचा असल्यामुळे एक उदाहरण सविस्तर देते.

समजा मला राजर्षी शाहू महाराजांच्या काळाविषयी कोणी नव्याने काही सांगितले आहे का ते पाहायचे आहे. कार्यक्रमांच्या नावांत ‘शाहू’ शोधले तर फारसे हाती लागत नाही, कारण कोणी आपल्या संपूर्ण कार्यक्रमाला हे नाव सहसा देत नाही. परंतु भागांच्या नावांत आणि वर्णनांत शोध घेतला की चित्र बदलते. कोणी आरक्षणाच्या इतिहासावर मालिका केलेली असते आणि तिच्यातला एक भाग करवीर संस्थानाच्या २६ जुलै १९०२ च्या आदेशावर असतो. कोणी कुस्तीविषयी बोलत असते आणि १९१२ मध्ये बांधून झालेल्या खासबाग मैदानावर अर्धा तास खर्च करते. कोणी धरणांविषयी सांगताना राधानगरीवर येते. असा एक भाग सापडला की त्याच्यामागे उभा असलेला संपूर्ण कार्यक्रम आपल्याला सापडतो आणि तो आपल्या आवडीच्या दारातून सापडलेला असल्यामुळे टिकण्याची शक्यता जास्त असते. भागांच्या शोधासाठी लिसन नोट्स हे संकेतस्थळ विशेष उपयोगी आहे, कारण तिथे भाषा, प्रसिद्धीची तारीख आणि भागाची लांबी यांनुसार चाळणी लावता येते. ज्याचा प्रवास पंचवीस मिनिटांचा आहे त्याने पंधरा ते तीस मिनिटांचे भाग मागावेत. दोन तासांच्या गप्पा शोधून काढायच्या आणि त्या कधीच पूर्ण होत नाहीत म्हणून हळहळायचे, हे टाळता येते.

शोधशब्द निवडताना शहराचे नाव टाकण्यापेक्षा विषयाचे नाव टाकावे. ‘कोल्हापूर’ या शब्दावर बातम्या, राजकीय भाषणे आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची वर्णनेच पुढे येतात. त्याऐवजी गुऱ्हाळ, तालीम, चित्रपटांच्या मूकपटकाळाविषयी काही हवे असल्यास बाबूराव पेंटर, पेठांचा फुटबॉल, ऊस, पूररेषा, असे नेमके शब्द घ्यावेत. जो माणूस नेमक्या शब्दात बोलतो तो सहसा त्या विषयात बुडालेला असतो.

मराठीसाठी आणखी दोन काळज्या घ्याव्या लागतात. पहिली लिपीची. अनेक मराठी कार्यक्रमांची नावे रोमन लिपीत लिहिलेली असतात आणि लिहिण्याची पद्धत ज्याची त्याची असते. ‘गोष्टी’ या शब्दाच्या शेवटी कोणी आय लिहितो, कोणी दोन ई, तर कोणी वाय. म्हणून प्रत्येक शब्द देवनागरीत एकदा आणि रोमनमध्ये दोन-तीन प्रकारे शोधावा. देवनागरीतही ‘कोल्हापूर’ आणि ‘कोल्हापुर’ असे दोन्ही शोध घ्यावेत, कारण ऱ्हस्व लिहिल्यावर हिंदी कार्यक्रमही सापडतात आणि त्यांत आपल्या भागाविषयी चांगले काम केलेले लोक आहेत. दुसरी काळजी भाषेच्या खुणेची. प्रत्येक फीडमध्ये कार्यक्रमाची भाषा सांगणारी एक खूण असते आणि मराठीची खूण म्हणजे एम आणि आर ही दोन रोमन अक्षरे. कार्यक्रम सुरू करताना ही खूण बदलायची राहून गेली की अस्सल मराठी कार्यक्रम इंग्रजी म्हणून नोंदला जातो. त्यामुळे भाषेची चाळणी लावून जेवढे दिसते तेवढेच मराठीत आहे असे समजू नये; एकदा चाळणी लावून आणि एकदा काढून शोध घ्यावा. ज्यांना कन्नड समजते त्यांनी तीच पद्धत कन्नडसाठी वापरावी. निपाणी-बेळगावच्या बाजूला घरोबा असलेल्या आपल्याकडच्या कितीतरी घरांत ती भाषा कानावर असते, आणि तरीही पॉडकास्ट शोधताना तिचा विचार क्वचितच होतो.

एखादे ॲप एका सूचीत शोधून थांबत असेल तर दुसऱ्या सूचीतही पाहावे. पॉडकास्ट इंडेक्स ही खुली सूची ॲडम करी आणि डेव्ह जोन्स यांनी २०२० मध्ये सुरू केली. तिचा हेतूच असा आहे की पॉडकास्टची यादी कोणा एका कंपनीच्या हाती राहू नये. तिथे चाळीस लाखांहून अधिक फीडची नोंद आहे. अँटेनापॉडमध्ये ॲपलची सूची, फिड (fyyd) नावाची सूची आणि पॉडकास्ट इंडेक्स अशा निरनिराळ्या ठिकाणी शोध घेता येतो. एका ठिकाणी न सापडलेले नाव दुसरीकडे सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे.

माणसांच्या मागाने जावे

शब्दांचा शोध काही आठवड्यांनी आटतो. तेव्हा माणसांचा माग घ्यावा आणि हा उपाय मला सर्वांत जास्त टिकाऊ वाटतो.

आपल्याला एखादा भाग मनापासून आवडला की त्यातील पाहुण्याचे नाव टिपून ठेवावे आणि ते नाव भागांच्या शोधात टाकावे. संशोधक, लेखक, कारागीर, क्रीडा प्रशिक्षक ही माणसे एका कार्यक्रमात बोलली की बऱ्याचदा आणखी दोन-तीन लहान कार्यक्रमांतही बोललेली असतात, आणि त्या कार्यक्रमांचे निवेदक आपल्याला अन्यथा कधीच भेटले नसते. त्याहून चांगली खूण म्हणजे एखादा निवेदक स्वतः दुसऱ्याच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून जातो ती. ज्याला हे काम आतून माहीत आहे तो ज्याच्याकडे बोलायला जातो, त्याच्या कामाबद्दल त्याला सहसा आदर असतो. इंग्रजीत अमित वर्मा यांचा २०१७ पासून चालू असलेला ‘द सीन अँड द अनसीन’ हा कार्यक्रम या दृष्टीने खाण आहे. त्याचे भाग काही तास चालतात, त्यामुळे रोजच्या बसच्या वेळेत ते मावणार नाहीत. परंतु प्रत्येक भागाखाली दिलेल्या दुव्यांची लांबलचक यादी नुसती वाचली तरी पुढच्या शोधासाठी पुष्कळ नावे मिळतात.

पाहुण्यांच्या आणि निर्मात्यांच्या नावांनिशी नोंदी ठेवणारे पॉडचेझर हे संकेतस्थळ याच कामासाठी आहे. मराठी कार्यक्रमांच्या नोंदी तिथे विरळ असल्यामुळे ते मुख्यतः इंग्रजीसाठी वापरावे. पॉडकास्ट इंडेक्सच्या चळवळीतून फीडमध्ये ‘पॉडरोल’ नावाची एक नवी सोयही आली आहे, जिच्यात निर्माता आपल्याला आवडणाऱ्या इतरांच्या कार्यक्रमांची यादी स्वतःच्याच फीडमध्ये देतो. सर्व ॲप ती दाखवत नाहीत, पण जिथे दिसते तिथे आवर्जून उघडावी. एखाद्या निर्मात्याने आपले नाव पणाला लावून केलेली शिफारस कोणत्याही मोजणीपेक्षा अधिक विश्वासाची असते. ईमेलवर शिफारशी हव्या असल्यास इअरबड्स या उपक्रमाच्या साप्ताहिक पत्रात दर वेळी एक वेगळी व्यक्ती एका विषयावरचे पाच भाग निवडून देते. पाच भाग म्हणजे कामाचे पाच दिवस भागतात.

ओळखीच्यांकडून सुचवण्या मागवताना ‘एखादा चांगला पॉडकास्ट सांगा’ असे विचारू नये. त्या प्रश्नाला सगळ्यांना माहीत असलेलीच नावे उत्तर म्हणून येतात. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात ऐकलेल्यांपैकी आजही आठवणारा एक भाग सांगा, आणि तो का आठवतो तेही सांगा’ असे विचारावे. शिवाजी विद्यापीठातले विद्यार्थी, वाचनालयात रोज दिसणारे वाचक, उद्यमनगरात यंत्रावर काम करता करता ऐकणारे, यांच्याकडून मला मिळालेली नावे कोणत्याही पहिल्या पानावर नव्हती. भागाचा दुवा पाठवताना तो एकाच ॲपमध्ये उघडणारा नसावा, पॉड.लिंकसारख्या सोयीने केलेला दुवा समोरच्याला आपल्या पसंतीच्या ॲपमध्ये उघडता येतो. ते जमत नसेल तर कार्यक्रमाचे आणि भागाचे पूर्ण नाव मजकुरात लिहावे. ‘हा घ्या’ म्हणून पाठवलेला आणि समोरच्याकडे न उघडणारा दुवा ही चांगल्या शिफारशी वाया जाण्याची फार मोठी वाट आहे.

मिळते, पण टिकत नाही

दुसऱ्या बिघाडाचे कारण बहुधा चुकीच्या भागापासून केलेली सुरुवात हे असते. पॉडकास्ट दोन प्रकारचे असतात: क्रमाने ऐकायचे आणि सुटे ऐकता येणारे. ॲप मात्र दोन्ही प्रकारांत अनेकदा सर्वांत नवा भाग वर दाखवते. क्रमाने सांगितलेल्या इतिहासाचा चाळिसावा भाग पहिल्यांदा ऐकला तर तो कंटाळवाणा वाटणारच. अशा कार्यक्रमात भागांचा क्रम उलटा लावून पहिल्यापासून सुरुवात करावी. सुट्या भागांच्या कार्यक्रमात नेमके याच्या उलट करावे. स्वतंत्र निर्मात्याचे पहिले काही भाग आवाजाच्या आणि मांडणीच्या दृष्टीने कच्चे असतात, कारण तो शिकत असतो. म्हणून मधला, आपल्याला ओढ असलेल्या विषयावरचा भाग निवडावा.

आवाजाच्या दर्जाविषयी थोडी उदारता ठेवण्याची माझी विनंती आहे. पंख्याची घरघर, मागे वाजणारा रिक्षाचा हॉर्न यांमुळे कार्यक्रम वाईट ठरत नाही. बोलणाऱ्याला सांगण्यासारखे काही आहे की नाही हे दहा मिनिटांत कळते आणि तेवढी दहा मिनिटे पूर्ण द्यावीत. पण दहा मिनिटांनंतरही निवेदक विषयावर आला नसेल तर भाग बंद करावा आणि त्याबद्दल मनात किंतु ठेवू नये. अशी चाचणी घेण्यापूर्वी कार्यक्रम फॉलो करू नये. अँटेनापॉडमध्ये फॉलो न करताही भाग ऐकून पाहता येतात, आणि लिसन नोट्सवर ‘नंतर ऐकू’ अशी यादी करून तिचीच आरएसएस फीड आपल्या ॲपमध्ये घेता येते. ही दुसरी सोय मला फार उपयोगाची वाटते: घरी संगणकावर निवडलेले निरनिराळ्या कार्यक्रमांचे सुटे भाग फोनमध्ये एका जागी येतात आणि चाचणीचा माल नेहमीच्या कार्यक्रमांत मिसळत नाही.

शेवटचा भाग दोन वर्षांपूर्वीचा आहे म्हणून कार्यक्रम बाद करू नये. बंद पडलेला आणि पूर्ण झालेला यांत फरक आहे. एकाच माणसाने आठ भागांत एक विषय सांगून थांबणे हा स्वतंत्र पॉडकास्टचा अतिशय चांगला प्रकार आहे, आणि रोज नवे हवे असणाऱ्यासाठी तर तो आठ दिवसांचा शिधा आहे.

कार्यक्रम स्वतंत्र आहे की नाही हे पाहायचे असेल तर त्याच्या पानावरील निर्मात्याचे नाव आणि ‘आमच्याविषयी’ हा मजकूर वाचावा. हे वर्षातून एकदा पुन्हा पाहावे, कारण मालकी बदलते. रोमन मार्स यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ‘९९% इनव्हिजिबल’ पुढे स्वतंत्र कार्यक्रमांच्या रेडिओटोपिया या समूहात होता आणि २०२१ मध्ये तो सिरियसएक्सएम या अमेरिकी रेडिओ कंपनीकडे गेला. मुंबईत सुरू झालेली आयव्हीएम पॉडकास्ट्स ही संस्था २०२० मध्ये प्रतिलिपी या ऑनलाइन साहित्याच्या कंपनीने घेतली. मालकी बदलल्याने कार्यक्रम वाईट होतो असे नाही, पण आपण स्वतंत्र निर्मात्यांना वेळ देऊ इच्छित असू तर तो कोठे जातो हे माहीत असावे. याहून अधिक सावधगिरी यंत्राने घाऊक तयार केलेल्या कार्यक्रमांबाबत बाळगावी लागते. एका दिवसात अनेक भाग, निवेदकाचे कोठेही नाव नाही, प्रत्येक वाक्याला एकच चढउतार आणि एकाही ठिकाणी स्वतः पाहिलेल्या गोष्टीचा उल्लेख नाही, अशी लक्षणे दिसली की तो कार्यक्रम सोडून द्यावा. शोधात असे भाग आता वाढत चालले आहेत आणि लहान निर्मात्यांच्या वाट्याची जागा ते खातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सकाळी फोनमध्ये काहीच नसते

तिसरा बिघाड पूर्णपणे तांत्रिक आहे. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी पडद्याआड चालणारी ॲप थांबवतात, त्यामुळे रात्री आपोआप होणारे डाउनलोड होत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरी विभागात जाऊन निर्बंध काढावा. त्यानंतर ॲपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आपोआप डाउनलोड चालू आहे का, ते फक्त वाय-फायवर ठेवले आहे का आणि घरी रात्री वाय-फाय खरोखर चालू असते का, हे तिन्ही तपासावे. वाय-फाय नसल्यास मोबाइल डेटावर परवानगी द्यायला फार भिण्याचे कारण नाही. ६४ केबीपीएस दर्जाचा तासाभराचा भाग सुमारे २९ एमबीचा असतो आणि १२८ केबीपीएसचा सुमारे ५८ एमबीचा. जागा भरल्यामुळे डाउनलोड अडत असेल तर ऐकून झालेले भाग आपोआप पुसण्याची सोय चालू करावी. गगनबावड्यापुढे करूळ घाटातून किंवा आंबा घाटातून कोकणात उतरणाऱ्यांनी भाग आदल्या रात्रीच उतरवून घ्यावेत आणि विमान-स्थितीत फोन ठेवून त्यांतला एक वाजवून पाहावा. यादीत दिसणे म्हणजे फोनमध्ये असणे नव्हे.

एखादा कार्यक्रम कोणत्याच पॉडकास्ट ॲपमध्ये सापडत नसेल तर तो फक्त यूट्यूबवर किंवा फक्त स्पॉटिफायवर असण्याची शक्यता आहे. मराठीत गप्पांचे पुष्कळ कार्यक्रम आधी व्हिडिओ म्हणून येतात. अशा वेळी व्हिडिओखालील वर्णनात ध्वनिआवृत्तीचा दुवा आहे का ते पाहावे. तो नसेल तर निर्मात्याला एक सभ्य ओळ लिहून आरएसएस फीड सुरू करण्याची विनंती करावी. लहान निर्माते अशा पत्रांना उत्तर देतात असा माझा अनुभव आहे, आणि पुष्कळदा त्यांना ही मागणी असल्याचेच ठाऊक नसते.

काही आठवड्यांनी पुन्हा तेच झाले तर

सारे सुरळीत चालू असताना तक्रार परत उद्भवली, तर बहुतेक वेळा फॉलो केलेल्यांची यादी फुगलेली असते. नव्या भागांचा रोजचा पूर इतका वाढतो की चाचणीसाठी ठेवलेले भाग खाली दबून जातात. महिन्यातून एकदा यादी उघडून ज्यांचे मागचे तीन भाग आपण ऐकले नाहीत त्यांना काढून टाकावे. जीव तुटत असेल तर काढण्यापूर्वी संपूर्ण यादीची ओपीएमएल फाइल उतरवून ठेवावी. अँटेनापॉड, पॉकेट कास्ट्स, ओव्हरकास्ट या सर्वांत ती सोय आहे आणि त्या फाइलमधून यादी कोणत्याही दुसऱ्या ॲपमध्ये जशीच्या तशी आणता येते. एखादे ॲप बंद पडले तरी वर्षानुवर्षे जमवलेली नावे त्यामुळे हातची जात नाहीत. ही फाइल फोनमध्येच न ठेवता स्वतःला ईमेलने पाठवावी, आणि तिच्या नावात तारीख लिहावी.

यादी हलकी करूनही नवे मिळत नसेल, तर आठवड्याच्या शोधात त्याच त्या विषयांचे शब्द टाकले जात आहेत का ते पाहावे. इतिहास ऐकणाऱ्याने एक आठवडा मृदा, पक्षी किंवा ओतकाम असा अगदी परका विषय घ्यावा, सापडलेल्यांपैकी पाच भाग चाचणीच्या यादीत टाकावेत आणि सोमवारी बसमध्ये बसल्यावर त्या यादीतला पहिला भाग लावावा.